बाजू कुणाची, हे आधी विचारू नकोस

गंगापूर रोड, नाशिक

अनेक आशीर्वाद.

तुझा इराण-इस्रायल संघर्षावरचा निबंध दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर तू शेजारच्या देशांना लग्नातल्या वऱ्हाडासारखं बसवलंस, मुलाकडचे इकडे, मुलीकडचे तिकडे. असं कुणी बसत नाही रे.

कतारचंच घे. २३ जून २०२५ ला इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली. कतारने निषेध केला, आणि त्याच रात्री इराणला युद्धविरामासाठी राजी करायलाही कतारच पुढे झाला. तू समासात ‘दुटप्पी’ असं लिहिलंयस. नकाशा उघड. अंगणात अमेरिकेचा तळ, आणि समुद्राखाली जगातला सगळ्यात मोठा वायूसाठा इराणबरोबर सामाईक. आपल्या निफाडकडे सामाईक विहिरीवरचे भाऊबंद वर्षानुवर्षं कोर्टात भांडतात, पण मोटरची पाळी मोडत नाहीत. त्यातलाच प्रकार.

सौदीबद्दल तू दोन ओळीत उरकलंस. तिथे थांबायला हवं होतं. १४ सप्टेंबर २०१९ ला अबकैक आणि खुरैसच्या तेलप्रकल्पांवर हल्ला झाला आणि दिवसाचं सुमारे ५७ लाख बॅरल, म्हणजे जवळपास निम्मं उत्पादन बंद पडलं. येमेनमधल्या हूती बंडखोरांनी जबाबदारी घेतली, सौदीने इराणकडे बोट दाखवलं, इराणने कानांवर हात ठेवले. अमेरिकेने लष्करी प्रत्युत्तर दिलं नाही. रियाधला काय कळायचं ते कळलं असावं, असं माझं मत. मार्च २०२३ मध्ये बीजिंगला त्याच इराणशी राजनैतिक संबंध पुन्हा जोडायचं ठरलं. प्रेम उतू गेलं म्हणून नव्हे, घराचं छप्पर काचेचं आहे म्हणून.

आणि इजिप्त तर तुझ्या निबंधात नाहीच! २०२४ चा द्राक्ष हंगाम आठव. तांबड्या समुद्रातल्या हूतींच्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालत होती. रॉटरडॅमला जायला दोनेक आठवडे जास्त. माझा मेहुणा पॅकहाऊसवर पेटी उघडून आधी घडाचा देठ बघायचा. मणी कडक असले तरी देठ तपकिरी पडला की भाव गेला. त्याचा प्रश्न साधा होता: “सर, कालवा इजिप्तचा, नुकसान इजिप्तचं, मग ते गप्प का?” कालव्याचं उत्पन्न त्या वर्षी निम्म्याहून खाली आलं होतं, तरी अमेरिकेने हूतींविरुद्ध उभारलेल्या नौदल मोहिमेत इजिप्त उघडपणे गेला नाही. हे हल्ले गाझासाठी, असं हूती म्हणत होते; गाझा जळत असताना इस्रायलच्या मदतीला धावल्यासारखं दिसणं कैरोला परवडणारं नव्हतं. अरब देशांपैकी उघडपणे एकटा बहारीन गेला. तो का गेला, ते तू शोध.

जॉर्डनचा परिच्छेद मात्र तसाच ठेव. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच्या आकाशातून इस्रायलकडे जाणारे इराणी ड्रोन पाडले आणि त्याला स्वसंरक्षण म्हटलं. त्या एका शब्दावर तू अडलास, हे आवडलं.

रविवारी सकाळी ये. अ‍ॅटलास घेऊन ये, मोबाईलवरचा नकाशा नको.

तुझा,
सर