मानवी हक्क परिषदेला जाणाऱ्या भारतीय शिष्टमंडळात कोल्हापूरच्या संस्थेला जागा मिळू शकते का?

नाही मिळणार. आणि त्यासाठी खटपटही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही लिहिलंय की शिरोळ-हातकणंगले भागात ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेसाठी काम करता, आणि हा विषय जिनिव्हात मांडणारं कुणीतरी शिष्टमंडळात असावं. भावना कळते. मी इथेच कोल्हापुरात वकिली करतो, म्हणून कोर्टाच्याच भाषेत सांगतो: शिष्टमंडळ म्हणजे सरकारी वकील. विरुद्ध बाजूचा अर्ज त्यानं वाचून दाखवावा अशी अपेक्षा आपण कधी ठेवतो का?

हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत दर साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशातल्या मानवी हक्कांच्या स्थितीचा आढावा होतो. भारताकडून २०१२ साली अ‍ॅटर्नी जनरल गुलाम वहानवटी, २०१७ ला अ‍ॅटर्नी जनरल मुकुल रोहतगी आणि २०२२ ला सॉलिसिटर जनरल तुषार मेहता नेतृत्व करत होते. सरकारं बदलली, पण पाठवला वकीलच. बाकी मंडळी म्हणजे मंत्रालयांतले अधिकारी आणि जिनिव्हातले आपले राजदूत.

यावर कुणीतरी १९९४ चं उदाहरण देणारच. काश्मीरवरून पाकिस्ताननं संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या मानवी हक्क आयोगात (आजच्या परिषदेच्या आधीची संस्था) ठराव आणला, आणि नरसिंह रावांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयींकडे दिलं. सोबत सलमान खुर्शीद, फारूख अब्दुल्ला. पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. राजकारणातला तो फार देखणा प्रसंग होता, मलाही आवडतो. पण वाजपेयी तिथे गेले ते सरकारची बाजू मांडायलाच. मतभेद दिल्लीत ठेवून.

तुमच्या उपयोगाचं उदाहरण २००१ चं आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद झाली. जात म्हणजे वंश नव्हे, तेव्हा जातीचा विषय इथे नको, ही सरकारची भूमिका. दलित संघटनांचे कार्यकर्ते शिष्टमंडळात जागा मागत बसले नाहीत. स्वतंत्रपणे, मोठ्या संख्येनं डर्बनला गेले. आपल्याकडच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. जे. एस. वर्माही तिथे होते. आयोगाचं म्हणणं असं की भेदभावाला नाव कोणतं द्यायचं यापेक्षा तो अजून टिकून आहे हे महत्त्वाचं. म्हणजे एकाच देशातून तीन आवाज! (बाबासाहेब आणि शाहू महाराजांची, अस्पृश्यतेविरुद्धची माणगाव परिषद ज्या जिल्ह्यात झाली तिथल्या माणसाला जात हा घरचा विषय आहे, बाहेर बोलू नये, हे पटणं अवघडच.) अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. पण पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, वंशभेदविषयक करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं जन्माधारित भेदभावात जात येते असं लेखी नोंदवलं. दारातून नाही गेलं, खिडकीतून गेलं.

तुमच्यासाठी ती खिडकी म्हणजे आढाव्याआधी संस्थांकडून मागवली जाणारी लेखी माहिती. आढाव्याच्या वेळी टेबलावर तीन कागद असतात: सरकारचा अहवाल, संयुक्त राष्ट्रांकडची संकलित माहिती आणि संस्थांनी पाठवलेल्या निवेदनांचा सारांश. तिसऱ्यात शिरायला विमानाचं तिकीट लागत नाही, संयुक्त राष्ट्रांची मान्यताही लागत नाही. ती मान्यता लागते सभागृहात बोलायला, आणि तिथेही मिनिटं मोजूनच मिळतात. लेखी निवेदनाला शब्दमर्यादा आहे: एकट्या संस्थेला २,८१५ शब्द, एकत्र आलेल्या संस्थांना ५,६३०. मराठी चालत नाही, इंग्रजी करून घ्यावं लागेल. शक्यतो एकटे जाऊ नका. बीडकडच्या, जिथून ऊसतोडीच्या टोळ्या येतात तिथल्या संस्थांना सोबत घ्या. मूल तिकडच्या शाळेच्या पटावर आणि प्रत्यक्षात इकडच्या फडात, हे दोन्ही टोकांनी मांडलं तरच समोरच्याला कळेल.

लिहिताना 'शोषण', 'व्यवस्था' असले शब्द कमी करा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाचं एकच एकक, मोजतात, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटेपर्यंत टोळी हलत नाही, थोरली मुलगी कोपीवर (तात्पुरत्या झोपडीवर) धाकट्याला सांभाळते म्हणून शाळेत जात नाही, हे लिहा. शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसरीकडच्या शाळेत दाखवायला मूळ शाळा देते ते) गावात किती मुलांना मिळालं आणि इथल्या शाळेत किती जणांनी दाखवलं, तेही. शेवटी नेमकी शिफारस हवी. जिनिव्हात बोलायला परदेशी प्रतिनिधीला वेळ फार थोडा असतो; तुमचं वाक्य त्याला जसंच्या तसं उचलता आलं पाहिजे.

अपेक्षा मात्र बेतानं ठेवा. छळविरोधी करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली. आढाव्यात इतर देश पुनःपुन्हा सांगतात की आता अनुसमर्थन द्या, म्हणजे करार देशावर बंधनकारक करून घ्या. अजून दिलेलं नाही. शिफारस स्वीकारणं किंवा नुसती नोंद घेऊन सोडून देणं सरकारच्या हातात असतं, आणि स्वीकारून अंमल केला नाही तरी कुणी दंड करत नाही.

तरी सरकारनं स्वीकारलेल्या शिफारशींची यादी मी उतरवून ठेवायला सांगेन. न्यायालयात ती कायद्यासारखी लागू होत नाही, पण शिक्षणहक्क कायद्याच्या जोडीला ठेवली की 'तुम्हीच तिथे हो म्हणालात' असं म्हणता येतं. २०२५ च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, तेव्हा याचिकेसाठी मुंबईच्या खेपा नकोत.

२०२२ च्या आढाव्याचं चित्रीकरण संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर आहे. साडेतीन तासांचं आहे, कंटाळवाणं आहे, पण बघा. आणि दिवाळीनंतर टोळ्या उतरल्या की लगेच मुलांची नावं, वय, मूळ शाळा लिहून घ्यायला लागा. पट्टा पडल्यावर, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर, कोपी मोडून माणसं गेली की ही माहिती परत हाती लागत नाही.