पोटभाडेकरू पुण्यात, मालक दोह्यात

प्रश्न : वाकडमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट २६ हजार भाड्यानं एका कुटुंबाला दिलाय. डिपॉझिट ७५ हजार. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार संपायला पाच महिने आहेत. भाडं ५ ऐवजी २० तारखेला येतं. आता सोसायटीकडून कळलं, की त्यांनी दोन मुलं पैसे घेऊन ठेवली आहेत. मी दोह्यात, तिथलं वडील बघतात. लगेच बाहेर काढू, की फ्लॅटच विकून टाकू?

उत्तर : यातलं काहीच आज करू नका.

उशिराच्या भाड्याचा राग येतो हे मान्य. पण वर्षाला ७ टक्के व्याज धरलं तरी २६ हजारांवर पंधरा दिवसांचे जेमतेम ७५ रुपये होतात. खरी काळजी पोटभाडेकरूंची. त्यांची नावं करारात नाहीत, पोलीस पडताळणी झालेली नाही आणि नुकसान झालं तर हाताशी तीन महिन्यांच्या भाड्याइतकंही डिपॉझिट नाही. तेव्हा वकिलाकडून नोटीस पाठवा. त्यात फक्त मुलांबद्दल लिहा : पंधरा दिवसांत हलवा, नाहीतर करारातल्या कलमाप्रमाणे तो रद्द होईल. वडिलांनी जाऊन कुलूप बदललं किंवा वीज तोडली, तर प्रकरण तुमच्यावरच उलटेल.

मुलं गेली तर पाच महिने थांबा. दलाली आणि रंगकाम आज ना उद्या लागणारच आहे. आज घाईनं घर रिकामं केलंत तर दोन महिने कुलूप, म्हणजे ५२ हजार गेले. मुदतीअखेर नवा भाडेकरू आधीच बघून ठेवता येतो. शिवाय मुदत संपल्यावर कायदा तुमच्या बाजूनं आहे : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दरानं भरपाई लागते. तुमच्या बाबतीत महिना ५२ हजार. मात्र एक पूर्ण महिना भाडं बुडालं, तर पाच महिने मोजत बसू नका.

वडिलांना धावपळ करायची असेल तर मुखत्यारपत्र हवं. ते दोह्यातल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारतो : भाडं वडिलांच्या खात्यात जमा होतं का? बरेच अनिवासी तसं करतात. ते तुमच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात, यायला हवं. मालक अनिवासी असला की भाडेकरूनं त्यातून टीडीएसही (भाडं देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापायचा असतो, ३० टक्के अधिक उपकर. नोटिशीच्या उत्तरात समोरचा वकील नेमकं हेच काढतो, म्हणून आधी आपली बाजू साफ करा.

विक्रीचा विचार भाडेकरूच्या रागातून नको. परत येऊन त्या घरात राहायचं नसेल तर जरूर विका, पण रिकामं झाल्यावर. भरलेल्या घराचं गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं.