अमूर्त चित्रातला तोल कसा ओळखायचा?

प्रश्न: बालगंधर्व कलादालनात अमूर्त चित्रं बघायला जाते, रंग आवडतात, पण चित्र जमलंय हे कशावरून ओळखायचं? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: ताई, आधी त्यात झाड, चेहरा वगैरे शोधणं सोडा, नजर पहिली कुठे जाते आणि तिथून कुठे सरकते एवढंच बघा. डच चित्रकार मोंद्रियानचं १९३० चं लाल-निळं-पिवळं चित्र घ्या, वर उजवीकडे भलामोठा लाल चौकोन, बहुतेक जागा त्यानेच खाल्लीय, तरी चित्र कलंडत नाही कारण खाली डावीकडे छोटासा निळा आहे आणि गडद असल्यामुळे तो लहान असूनही जड वाटतो. छापील चित्रात त्या निळ्यावर अंगठा ठेवून बघा, लगेच कळेल! चित्र जमलंय म्हणजे हा तोल साधलाय, त्यासाठी दोन्ही बाजू सारख्या असायची गरजच नाही.

आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांच्याकडे तर असे चौकोनही नाहीत. रोलर आणि पॅलेट नाईफने (रंगाच्या बोथट सुरीने) रंग चढवायचा, खरवडायचा, मग खालचे थर मधूनच उजळतात आणि सगळा तोल त्या उजेड-अंधारावर. मला हे जास्त अवघड वाटतं. मोबाईलवर हे थर दिसत नाहीत हो, चित्र प्रत्यक्षच बघा, आधी लांबून, मग अगदी जवळ जाऊन.