कोकणातील शाळेत समाजशास्त्र शिकवताना गाण्यांचे शब्द खरोखर उपयोगी पडतात का?

होय, स्थलांतराचा पाठ शिकवताना गाण्याचे शब्द पुरावा म्हणून वाचून घेतले, तर ते फार उपयोगी पडतात. रत्नागिरी जिल्ह्यात हा विषय शिकवताना मी मुलांना गावातील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणायला सांगतो. त्यांत मुंबई, गिरणी, बोट, मनीऑर्डर असे शब्द आले की त्यांखाली रेघ मारून, चाकरमानी बंदरातून बोटीने का जात असे आणि १९८२ च्या गिरणी संपाने त्याच्या घरी काय बदलले, हे मुले आजीलाच विचारतात (आजी सहसा तासभर सोडत नाही). मात्र ओवीतून विरह कळतो, त्याचे प्रमाण नव्हे. म्हणून २०११ च्या जनगणनेतील, या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया असल्याची नोंद शेजारी ठेवावी.