तेव्हा खडे नव्हतेच

पोरी,

परवा फोनवर तू रडत होतीस म्हणून मी गप्प बसले. तुझं सगळं पटलं असा त्याचा अर्थ लावू नकोस. रात्री तू पाठवलेले रिपोर्ट चष्मा लावून दोनदा वाचले. उंची 158 सेंटिमीटर, वजन 96, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड टू, लिव्हरच्या सुजेची रक्ततपासणी एसजीपीटी 78, लिव्हरवर व्रण किती ते मोजणारा फायब्रोस्कॅन 9.8. डॉक्टरांनी वजन उतरवायची शस्त्रक्रिया, स्लीव्ह, सुचवलीय. आई म्हणते, करायचंच असेल तर दिवाळीच्या सुट्टीत गुपचूप उरकून टाकू, मार्चपासून स्थळं बघायचीत. आणि तुझं काही ठरत नाहीये.

ऑपरेशन कर की नको, ते मी सांगणार नाही. ते तू आणि तुझे डॉक्टर बघा. मी फक्त एवढंच सांगणार आहे, आणि तू कंटाळलीस तरी पुन्हा सांगणार आहे: चोरून करू नकोस.

2014 साली एप्रिलमध्ये माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, आठवतंय? तुझी दहावी नुकतीच आटोपली होती. ते खड्यांचं नव्हतं. माझी स्लीव्ह झाली होती, जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात ती. माझं वजन 104 होतं. घरात फक्त काकांना माहीत होतं. बँकेत, सासरी, माहेरी सगळीकडे ‘खडे’.

ऑपरेशनआधी दोन आठवडे नुसतं ताक, सूप आणि प्रोटीनची पावडर यावर राहायचं होतं. ही काही शिस्तीची परीक्षा नसते. चरबीनं फुगलेल्या लिव्हरचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. तो थोडा आक्रसला तरच सर्जनला खालचं नीट दिसतं. मी घरात सांगितलं, उपवास धरलेत. मधेच पाडवा आला. जाऊबाई म्हणाल्या, पाडव्याला कसला गं उपवास? आणि ताटात श्रीखंड-पुरी वाढली. काय कारण सांगणार? खाल्लं. दुसऱ्या दिवशी उरलेलंही खाल्लं, कारण एकदा मोडला तो मोडलाच. ऑपरेशनला ठरल्यापेक्षा तासभर जास्त लागला. नंतर सर्जननी मला आतला फोटो दाखवला. निरोगी लिव्हर तांबूस-तपकिरी असतं, कडा धारदार. माझं पिवळट, सुजलेलं, कडा गोल झालेल्या, शिळ्या लोण्याच्या गोळ्यासारखं. त्यांनी विचारलं, डाएट पाळलं होतंत ना? मी म्हटलं, हो. त्यांच्याशीसुद्धा खोटं.

मग गोळ्या. बी-12, लोह, कॅल्शियम, डी, आणि पहिले सहा महिने खडे होऊ नयेत म्हणून एक वेगळी गोळी. वजन भराभर उतरतं तेव्हा पित्तात खडे धरतात, हे मला लिहून दिलेलं होतं. पण खडे ‘काढलेल्या’ बाईनं खड्यांची गोळी कुणासमोर घ्यायची? सगळ्या पट्ट्या मी साबुदाण्याच्या डब्यात लपवल्या. डोळ्याआड झाल्या की राहून जातात, तशा राहिल्या. डिसेंबरमध्ये मध्यरात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की काकांनी रिक्षा आणायला धाव घेतली. सोनोग्राफीत खडे. खरेखुरे! एकदा काढून टाकलेल्या पित्ताशयात. आता हसू येतं. तेव्हा लोकांना ‘अपेंडिक्स’ सांगितलं.

बी-12 चं तर पुढे चार वर्षांनी कळलं, तळपायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा. त्यात आपण शाकाहारी. इंजेक्शनं घेऊन बरं झालं, पण डाव्या अंगठ्यात अजून थोडा बधिरपणा आहे.

तू म्हणशील, मावशी, लपवूनही लिव्हर तर सुधारलं ना? सुधारलं. 2021 मध्ये फायब्रोस्कॅन 6.1 आला. पण सात वर्षं मी तो केलाच नव्हता. खड्यांच्या पेशंटनं लिव्हर कशाला तपासायचं? फ्रान्समध्ये लील शहरात 180 जणांवर एक अभ्यास झाला, 2020 साली छापून आला. ऑपरेशननंतर पाच वर्षांनी ज्यांची बायोप्सी केली त्यांच्यातल्या 84 टक्के लोकांची लिव्हरची सूज गेलेली होती आणि 70 टक्के लोकांचे व्रण कमी झाले होते. सूज पहिल्या वर्षातच बरीच हटते, व्रणांना मात्र वर्षं लागतात. म्हणजे वर्षानुवर्षं कुणीतरी बघत राहायला हवं. काटा उतरला म्हणून फाइल माळ्यावर टाकायची नसते.

तुझ्या मामांनी जे सांगितलं, की या ऑपरेशननंच लिव्हर जातं, ते अगदीच हवेतलं नाही. 1950 ते 70 च्या दशकांत लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी एक शस्त्रक्रिया करायचे. तिच्यात काहींचं लिव्हर खरंच निकामी झालं, म्हणून ती बंद पडली. स्लीव्ह वेगळी. मात्र व्रण किती आहेत हे डॉक्टरांना आधी नक्की विचार. सिऱ्होसिसपर्यंत, म्हणजे व्रणांनी पार कडक होण्यापर्यंत गेलेल्या लिव्हरला हे ऑपरेशन जड जाऊ शकतं. आणि जिभेवर ताबा ठेव म्हणणाऱ्यांना सांग, व्रण मागे हटायला वजनाच्या किमान 10 टक्के उतरावं लागतं, तुझ्या हिशेबात साडेनऊ किलोच्या वर, आणि ते उतरलेलं टिकावं लागतं. वजन उतरवणारी इंजेक्शनंही आलीत आता. त्यातलं एक अमेरिकेत याच लिव्हरच्या आजारासाठी मंजूर झालंय. तो रस्ता धरलास तरी फ्रीजमध्ये भाजीमागे इंजेक्शनचं पेन लपवू नकोस.

मला सगळ्यात जास्त राग आला तो ‘दारू न पिता लिव्हर कसं बिघडलं, लोक काय म्हणतील’ याचा. अगं, नावामुळे लोकांना लाज वाटते म्हणून डॉक्टर मंडळींनी 2023 मध्ये जगभर मिळून या आजाराचं नावच बदललं. ‘नॉन-अल्कोहोलिक’ गेलं, ‘फॅटी’ गेलं. त्यांनी नाव बदललं आणि तू सासर शोधायच्या आधीच तोंड लपवतेस!

आता स्थळांचं. स्लीव्हनंतर बारा ते अठरा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. शरीराची झीज चालू असते, बाळाला काय मिळणार? दिवाळीत ऑपरेशन, पुढच्या वैशाखात लग्न, आणि पहिल्या संक्रांतीला सासूबाई विचारणार, काही गोड बातमी? काय सांगशील? हरतालिकेला निर्जळी धर म्हणाल्या तर? जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं, आणि पंगतीत आग्रह चालू. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, ते बाथरूममध्ये कुणीतरी बघणारच. नवऱ्याला आधी सांग. तो पळाला तर पळू दे.

हं, मी का लपवलं? घाबरले होते असं नाही. माझ्या मुलीचं बघणं चालू होतं. लोक म्हणाले असते, आई अशी, म्हणजे उद्या मुलगीही अशीच होणार. त्या वेळी दुसरं काही सुचलंच नसतं कुणाला. आणि लग्न ठरलं, हेही खरं. तेव्हा मला फार बोलू नकोस. पण तेच कारण आज तुझी आई देते तेव्हा मला ऐकवत नाही.

त्या एप्रिलमध्ये तिसऱ्या दिवशी तुझी आई दवाखान्यात मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन आली होती. मला चमचाभर पाण्याच्या पुढे काही चालत नव्हतं. पोटावरच्या पट्ट्या मोजून म्हणाली, आमच्या वन्संना तर चारच भोकं होती, तुला पाच कशी? मी म्हटलं, खडे जास्त होते. अकरा वर्षं झाली. तिला अजून तेच वाटतं.

रविवारी दोघी या. फाइल आण. आधी मी तिला सांगते, मग तू बोल.

तुझी,
मावशी