उन्हाळ्यात नुसतं बसणं

प्रिय मनू,

परवा मी डेकवर मिरच्यांचं ताट सावलीतून उन्हात सरकवत होतो, तेव्हा तू विचारलंस, "बाबा, मराठी लोकांना उन्हाळ्यात नुसतं बसून मजा करता येत नाही का?" तुझ्या मैत्रिणीच्या घरचे सगळे समुद्रावर गेले होते. लेबर डे तोंडावर आला होता, म्हणजे सुट्टी संपतच आली होती. आणि तुझा बाप रविवारी सकाळपासून मिरच्यांना चिरा देत बसला होता. तू चिडून विचारलं नव्हतंस. तुला खरंच कळत नव्हतं, म्हणून ते जरा जास्त लागलं. मी "मला आवडतं गं" एवढंच म्हणालो आणि तू आत निघून गेलीस. मराठी शाळेत तू आता भराभर वाचतेस, म्हणून बाकीचं लिहून देतोय. कुठे अडलं तर आईला विचार.

आधी मिरच्यांचं सांगतो. या वर्षी मागच्या वाफ्यात टोमॅटोपेक्षा मिरच्या जास्त आल्या, हे तू पाहिलंसच. फ्रीजमध्ये ठेवून ठेवून किती ठेवणार? मग सांडगी मिरची आठवली. जाड सालीची, कमी तिखट मिरची घ्यायची. देठ तसाच ठेवायचा आणि पोटात एकच उभी चीर द्यायची, आरपार नाही. मेथी आणि धणे जरासे भाजून भरड कुटायचे, त्यात मीठ, हळद, हिंग आणि कालवण्यापुरतं आंबट दही. हा मसाला बोटाने दाबून दाबून भरायचा. मग ऊन, आणि पुन्हा ऊन. वाईला वैशाखात मिरची बघता बघता खडखडीत वाळायची. इथे न्यू जर्सीच्या ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट की संध्याकाळी ताटं आत घेतली नाहीत तर सकाळी मिरच्या पुन्हा मऊ. म्हणून माझी ताटांची सारखी आत-बाहेर चालते. वाळल्यावर तेलात काळपट होईपर्यंत तळायची आणि दहीभातात कुस्करायची. तो दहीभात तुला आवडतो. गेल्या वर्षी आत्याने पाठवलेली बरणी तूच संपवलीस.

आता तुझा प्रश्न.

आमच्या वाईच्या घरी मे महिना म्हणजे वाळवण. ७ जूनच्या आसपास मृग नक्षत्र लागायचं. पसरणी घाटावर ढग उतरायला लागले की मोठी माणसं वर बघायची आणि माईआजीचा आवाज चढायचा. त्यानंतर चार महिने धड ऊन मिळणार नाही, भाजी मिळेल न मिळेल, म्हणून वर्षाची बेगमी त्याआधी डब्यांत जायला हवी. पापड, कुरडया, साबुदाण्याच्या चिकवड्या, बटाट्याचा कीस, सांडगे, शेवया, मग मुरंबा आणि साखरांबा, आणि शेवटी लोणचं. आम्हाला परीक्षा संपल्याचा आनंद असायचा आणि घरातल्या बायकांना पावसाच्या आत सगळं उरकायची घाई. आम्ही मुलं त्या घाईतच सुट्टी घालवली. आम्हाला ती कमी वाटली नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

कुरडईचा दिवस सगळ्यात मोठा. तीन दिवस आधी गहू भिजत पडायचे, रोज पाणी बदललं जायचं आणि माजघरात एक आंबूस वास भरून राहायचा. त्या वासाला आम्ही नाकं मुरडायचो. चौथ्या दिवशी ते गहू वाटून, पिळून, फडक्यातून गाळून चीक काढायचा आणि रात्रभर ठेवायचा. पहाटे वर आलेलं पाणी ओतलं की तळाशी पांढराशुभ्र घट्ट चीक. उजाडायच्या आत तो शिजायला लागायचा, कारण ऊन चढायच्या आधी गच्चीवर कुरडया पडलेल्या हव्यात. मोठी काकू दोन्ही हातांनी लाकडी दांडा धरून पातेल्यात घाटत असायची. चीक आधी दुधासारखा, मग खळीसारखा, आणि मग एका क्षणी चकाकायला लागायचा. ती चकाकी आली की माई म्हणायची, "वाट्या आणा रे."

त्यासाठीच तर आम्ही अंथरुणातून उठून आलेलो असायचो. गरम चीक, वर तूप, किंवा दूध आणि साखर. वाटीच्या कडेने गार झालेला आधी खायचा, कारण मधला जीभ भाजतो. चव सांगायची तर गव्हाची, थोडी आंबट, थोडी हिंगाची. खरं सांगतो मनू, मी तुला कितीही सांगितलं तरी ती पहाट त्यात येणार नाही, आणि तुला ती यायलाच हवी असाही माझा आग्रह नाही.

नंतर सोऱ्या. एकीने दाबायचा, दुसरीने भरून द्यायचा. जुन्या धोतरावर ओळीने कुरडया पडत जायच्या. आम्हा मुलांचं काम राखणीचं. काळी छत्री, हातात काठी आणि कावळे. उन्हात बसून डोकं तापायचं, पण त्या कामाचा मोबदला आम्ही परस्पर घ्यायचो. दुपारपर्यंत कुरडई वरून कडक झालेली असते आणि आतून अजून मऊ. तशी अर्धवट वाळलेली कुरडई म्हणजे, मी आजवर खाल्लेल्या चांगल्या गोष्टींत ती फार वर आहे. तळलेली कुरडई पुरणपोळीच्या ताटात सगळेच खातात. ही मात्र फक्त राखण करणाऱ्यालाच मिळते.

पापडाचं पीठ कुटायला शेजारच्या बायका यायच्या. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे, असं ते चालायचं. उडदाचं पीठ, पापडखार, हिंग, मिरी. तेलाचा हात लावून लावून ते कुटायचं, मग त्याची लांब वळी करून दोऱ्याने लाट्या कापायच्या. बेबीआत्या दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायची आणि इतक्या सारख्या लाट्या पाडायची की मी बघत बसायचो. कच्च्या तेलात बुडवून लाटी खायची. पोट दुखेल म्हणून माई ओरडायची आणि स्वतःच आणखी एक द्यायची.

आणि वळीव. मेच्या शेवटी दुपारी अचानक आभाळ काळं व्हायचं, वारा सुटायचा, आणि कुणीतरी "वाळवण!" म्हणून ओरडायचं. मग ज्याच्या हाती जे लागेल ते. बाळकाका, जो एरवी घरातली काडी इकडची तिकडे करायचा नाही, तोसुद्धा जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायचा. कीस एकीच्या पदरात, चिकवड्यांची चादर चौघांनी चार कोपरे धरून. सगळं आत आलं की आम्ही पुन्हा गच्चीवर जाऊन भिजायचो. तेवढा वेळ कुणी रागवायचं नाही.

हे सगळं वाचून तू म्हणशील, बाबा, हे कामच आहे की. आहेच. म्हणून मी परवापासून विचार करतोय, कारण तुझा प्रश्न नुसता उडवून लावण्यासारखा नव्हता. मला ती मजा वाटली, पण मी राखण करणारा मुलगा होतो. पहाटे दांडा धरून घाटणारी मी नव्हतो. रात्री पाय चेपून घ्यायला कुणी नसलेली मी नव्हतो. घरातले पुरुष त्या दिवसांत गच्चीवर फिरकायचे नाहीत, आणि वर्षभर ताटात पापड नसला की विचारायचे मात्र. आणखी एक गोष्ट आहे, तीही तुला माहीत असावी. पाळीच्या दिवसांत काकू किंवा आत्या बाजूला बसायची. तिचा हात लागला तर लोणचं नासतं, पापड लाल होतात, असं म्हणायचे. आम्हा मुलांना सांगायचे, तिला कावळा शिवला. गच्चीवर हसणं-खिदळणं चाललेलं आणि एक जण खाली खोलीत एकटी. त्याची बाजू मी घेणार नाही. ते चूक होतं, आणि आमच्या आठवणी गोड आहेत म्हणून ते बरोबर ठरत नाही.

म्हणून काल मोठ्या काकूला फोन केला. विचारलं, तुला तेव्हा त्यात काही आनंद वाटायचा का, की मीच उगीच रंगवून सांगतोय? ती आधी म्हणाली, "पाठ मोडायची रे. आता सगळं बचत गटाकडून घेते, अजिबात वाईट वाटत नाही." मी गप्प झालो. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "पण आम्ही जावाजावा एरवी कुठे एकत्र बसत होतो? सासूबाईंसमोर बोलायची सोय नव्हती, आणि स्वयंपाकघरात वेळ नव्हता. गच्चीवर पापड लाटताना तुझे काका नाहीत, मामंजी नाहीत. काय बोलायचो, काय हसायचो! सासूबाईसुद्धा तिथे वेगळ्या असायच्या."

मनू, मी त्याच गच्चीवर छत्रीखाली बसलेला असायचो, आणि हे मला माहीत नव्हतं.

त्यामुळे माझं उत्तर आता पहिल्याइतकं सरळ राहिलेलं नाही. मला वाटायचं की तुला सांगावं, आमच्याकडे काम आणि मजा वेगळी नसायची. मुलांसाठी ते खरं होतं. बायकांसाठी काम हे कामच होतं, पण त्यांनी त्यातून स्वतःची अशी जागा काढून घेतली होती.

आणि नुसतं बसणं? तेही होतं, ते सांगायचं राहिलं. वाळवण गुंडाळून झालं, डबे भरले, की संध्याकाळी माई ओसरीच्या पायरीवर पाय पसरून बसायची. अंगणातला मोगरा तेव्हा बहरात असायचा. तिच्या ओच्यात कळ्या असायच्या आणि शेजारी वाळा घातलेल्या माठातल्या पाण्याचा तांब्या. आम्ही बादलीत भिजत घातलेले रायवळ आंबे चोखत असायचो, कोपरापर्यंत रस. गजरा ओवायचीही तिला घाई नसायची. दिवेलागणीला कुणीतरी हाक मारेपर्यंत ती तशीच बसायची. तिला मजा करता येत नव्हती असं तिच्या त्या बसण्याकडे बघून कुणी म्हणालं नसतं.

एक गोष्ट विचारू का? रागावू नकोस. समोरच्या इटालियन आजी दर ऑगस्टला गॅरेजमध्ये टोमॅटोचा सॉस करतात, तेव्हा तू आपणहून मदतीला जातेस. टोमॅटो यंत्रातून काढतेस, बाटल्यांत तुळशीसारखी ती बेझिलची पानं टाकतेस, आणि संध्याकाळी लाल झालेले हात दाखवत घरी येतेस. मला ते फार आवडतं. तिथे तुला हा प्रश्न पडत नाही. कदाचित तिथे पुष्कळ माणसं असतात, त्यांच्या सुना, नातवंडं, रेडिओ, जेवण. आणि आपल्या डेकवर मी एकटाच ताट सरकवत असतो. एकट्याने केलेलं वाळवण बाहेरून कसं दिसत असेल हे मी आजवर पाहिलं नव्हतं. ते तू दाखवलंस.

म्हणजे पुढच्या वर्षी तू यायलाच हवं असं नाही. समुद्रावर जायचं असेल तर जा, मी सोडायला येईन. तुझ्या बरोबरीच्या मुलामुलींबरोबर वाळूत लोळण्याचा उन्हाळा हाही तुझाच आहे, आणि तो पाच-सहा वर्षांत संपेल. मी मिरच्या वाळवतो ते तू शिकावंस म्हणून नाही. ऑगस्ट संपत आला, सिकाडा किड्यांची किरकिर ओसरायला लागली, टोमॅटोची पानं खालून पिवळी पडायला लागली, की माझ्या हातांना काहीतरी डब्यात भरून ठेवावंसं वाटतं. थंडी येणार हे त्यांना आधी कळतं. ऑक्टोबरमध्ये दंव पडायच्या आत तुळस आणि मोगऱ्याची कुंडी घरात घेतो तेव्हाही तेच असतं. माईकडून मला मिळालं ते बहुधा एवढंच.

तुझ्याकडे फक्त एक मागणं आहे, आणि तेही जमलं तरच. मोठ्या काकूशी तू स्वतः बोल. आपल्या रविवारी सकाळी तिची संध्याकाळ असते आणि ती मोकळी असते. तुझं मराठी अडखळलं तरी तिला चालतं, ती थांबते. कुरडया कशा करायच्या ते तिला विचारू नकोस, ते मी सांगितलंय. त्या गच्चीवर जावा काय बोलायच्या ते विचार. मी विचारलं तर ती हसली आणि म्हणाली, "तुला नाही सांगणार. मनूला दे फोन."

तुझा,
बाबा