लॉस नेमका कशाचा?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळा वेळ मोजमापातच गेला, फायबरची टोकं काप, पुन्हा काप, कनेक्टर लाव, काढ. यात संशोधन कुठे आहे, असं विचारलं आहेस. मायक्रोवेव्ह आता जुना झाला, तो सोडून फायबरकडे वळावं का, असंही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देतो, पहिल्यावर जरा सविस्तर बोलायचं आहे.

हे दोन विषय एकाच घरातले आहेत. पोकळ धातूच्या नळीत मायक्रोवेव्ह आणि काचेच्या तंतूत प्रकाश, दोन्हीकडे समीकरणं मॅक्सवेलचीच. दोन्हीकडे मोड, म्हणजे तरंगाच्या आतल्या ठरावीक मांडण्या, ओळखावे लागतात आणि माध्यम जिथे अचानक बदलतं तिथे तरंगाचा काही भाग मागे फिरतो. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली फायबरवरचा आपला निबंध लिहिला तेव्हा ते इंग्लंडमधल्या हार्लोच्या स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये होते, आणि तिथेही आधी मायक्रोवेव्ह वेव्हगाइडवरच, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ नळीवरच, काम चाललेलं होतं. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये तर सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाच्या गोल नळीतून मिलिमीटर लहरी दूरवर पाठवण्यासाठी कित्येक वर्षं काम झालं. तिथल्या विशिष्ट मोडचा लॉस, म्हणजे वाटेत होणारी शक्तीची घट, वारंवारता वाढली की कमी होतो, म्हणून लोकांना तिचं आकर्षण होतं. पण नळी जराशी वाकली की शक्ती दुसऱ्या मोडमध्ये निसटायची. सत्तरच्या दशकात फायबर पुढे गेलं आणि ती योजना मागे पडली. ते काम वाया गेलं असं मला वाटत नाही. वळणावर मोड एकमेकांत कसे मिसळतात याची जी समज तिथे तयार झाली, ती फायबरलाही उपयोगी पडली. तेव्हा मायक्रोवेव्ह सोडायची घाई करू नकोस.

आता मोजमापाबद्दल. साठच्या दशकात चांगल्या काचेचा लॉसही किलोमीटरला १००० डेसिबलच्या घरात होता. म्हणजे वीस मीटरमध्ये प्रकाशाचा शंभरावा भाग उरायचा. पोटाच्या आत डोकावणाऱ्या एंडोस्कोपला ते चालून गेलं, कारण तिथे लांबी मीटरभरच. दूरसंचाराला मात्र ते निरुपयोगी होतं, आणि बहुतेकांनी काच बाद ठरवली. काओंनी विचारलेला प्रश्न साधा होता: हा लॉस काचेचा स्वभाव आहे की तिच्यात मिसळलेल्या घाणीचा परिणाम? रॅले विकिरणाचा, म्हणजे काचेतल्या सूक्ष्म असमानतेवर प्रकाश विखुरण्याचा, हिशेब केला तर तो वाटा फार लहान निघत होता. उरलेलं शोषण मुख्यतः लोहासारख्या धातूंच्या आयनांचं, म्हणजे काढून टाकता येण्यासारखं. किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत खाली आलं तर फायबर दूरसंचाराला चालेल, अशी रेघ त्यांनी आखून दिली. एक किलोमीटरनंतर शंभरावा भाग उरला तरी पुरे, असा तो अर्थ.

पण नुसतं म्हणून कोण ऐकणार? मोजून दाखवायला हवं होतं, आणि ते मोजमाप किती अवघड होतं हे स्वतः आकडे मांडून बघ. समजा २० सेंटिमीटरची सिलिकाची कांडी आहे आणि तिचा लॉस किलोमीटरला ४ डेसिबल आहे. त्या कांडीत प्रकाश कमी होतो तो दहा हजारांत जेमतेम दोन भाग. आणि कांडीच्या दोन टोकांवरून परावर्तनाने जातो तो शंभरात जवळजवळ सात भाग! शोधायचं आहे त्याच्या जवळजवळ चारशेपट मोठा अडथळा समोर उभा. काओ आणि मर्विन जोन्स यांनी दोन किरणांची पद्धत वापरली, वेगवेगळ्या लांबीचे नमुने शेजारी ठेवले, टोकांना सारखीच काळजी घेऊन ओप दिला आणि फरक मोजला. १९६९ मध्ये त्यांनी शुद्ध सिलिकासाठी किलोमीटरला सुमारे ४ डेसिबल हा आकडा दिला. नवी काच त्यांनी बनवली नव्हती. पण त्या एका आकड्याने कुठे खणायचं ते सगळ्यांना कळलं.

मग कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीमध्ये रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी सिलिकाच धरली. ती फार जास्त तापमानाला मऊ होते, म्हणून इतर बरेचजण सहज वितळणाऱ्या काचांच्या मागे होते. शिवाय तिचा अपवर्तनांक कमी, आणि प्रकाश तंतूच्या गाभ्यात कोंडायला गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या काचेपेक्षा जास्त लागतो, तेव्हा तो वाढवण्यासाठी त्यांनी टायटॅनियम मिसळलं. १९७० मध्ये ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीला किलोमीटरला १७ डेसिबल आले. तो तंतू नंतर तापवावा लागायचा आणि त्याने ठिसूळ व्हायचा. दोन वर्षांत टायटॅनियमच्या जागी जर्मेनियम आलं आणि लॉस ४ डेसिबलवर उतरला. १९७९ मध्ये जपानमध्ये १.५५ मायक्रोमीटरला ०.२ डेसिबल गाठले गेले. तिथे आता काचेचा स्वभावच समोर होता.

तू कापलेली टोकं याच परंपरेतली आहेत. कटबॅक, म्हणजे कापून लॉस मोजण्याची पद्धत, करताना लांब फायबरमधून बाहेर येणारी शक्ती मोजतो, मग प्रकाश आत शिरतो ती बाजू तसूभरही न हलवता तिथून दोनेक मीटरवर फायबर कापून पुन्हा मोजतो. आत किती प्रकाश शिरला हे आपल्याला कधीच माहीत नसतं, आणि या पद्धतीत ते माहीत असण्याची गरजही राहत नाही. म्हणून ती मला इतकी आवडते. पण मोजण्याआधी हे कर: बाहेरचं टोक पाचसहा वेळा नव्याने काप आणि प्रत्येक वेळचा आकडा लिही. आकडे ०.०५ डेसिबलने इकडेतिकडे होत असतील आणि हातात चांगल्या फायबरचा एकच किलोमीटर असेल, तर ०.२ मधला पाव भाग तुझ्या कापण्याचा आहे. अशा वेळी लांब रीळ माग किंवा क्लीव्हरचं, म्हणजे फायबर कापायच्या उपकरणाचं, पातं तपास. कोटिंग काढल्यावर काच अल्कोहोलने पुसल्याशिवाय क्लीव्हरमध्ये ठेवू नकोस. कापलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघ: कडेला जीभ निघालेली दिसली तर ते टोक मोजूच नकोस.

मायक्रोवेव्हच्या बाजूला नेटवर्क ॲनालायझर (परत येणारा आणि पार जाणारा तरंग आपोआप मोजणारं यंत्र) आहे, तो वापरच. पण एक आठवडा स्लॉटेड लाइनवर, म्हणजे प्रोब (छोटी मोजणारी सळई) सरकवायला लांब फट असलेल्या वेव्हगाइडवर, बस. एक्स-बँडच्या (साधारण ८ ते १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या) २२.८६ मिलिमीटर रुंदीच्या वेव्हगाइडमध्ये १० गिगाहर्ट्झची तरंगलांबी ३० नव्हे, जवळजवळ ४० मिलिमीटर असते. शेवटी शॉर्ट, म्हणजे तोंड बंद करणारी धातूची पट्टी, लाव, प्रोब सरकव, लगतचे दोन मिनिमम (तरंग सर्वांत क्षीण असतो त्या जागा) वीसेक मिलिमीटरवर सापडतील. मॅक्सिमम पसरट असतो, मिनिमम टोकदार. जागा नेहमी मिनिममवरून घ्यायची. प्रोब जास्त आत घातलास तर तो स्वतःच तरंग बिघडवतो, आणि मोजणारं साधन मोजमापात किती ढवळाढवळ करतं हे तेव्हा बोटांना कळतं. ॲनालायझरच्या पडद्यावर हे दिसत नाही, कारण कॅलिब्रेशनने ते पुसलेलं असतं. चांगलं कॅलिब्रेशन केलं तर पुसलं जातं, घाईत केलं तर आकड्यात मिसळून बसतं. एसएमए कनेक्टर (मायक्रोवेव्ह केबलचा आट्यांचा छोटा जोड) जोडताना फक्त नट फिरव, केबलचं अंग नाही, आणि टॉर्क रेंच वापर.

तुझ्या फिल्टरचा लॉस गणितापेक्षा जास्त येतोय म्हणतेस. आधी त्याची वाटणी कर: किती परावर्तनाने मागे गेला, किती धातूत, किती सबस्ट्रेटमध्ये (बोर्डाच्या धातूखालच्या विद्युतरोधक थरात), किती बाहेर विखुरला. परावर्तनाचा वाटा थेट मोजता येतो. बाहेर विखुरतो तो धातूची पेटी घालून आणि काढून बघता येतो. धातू आणि सबस्ट्रेट वेगळे करायला त्याच बोर्डावर साध्या सरळ ओळी काढ, एक लांब आणि एक आखूड, आणि दोन्हींचा फरक वेगवेगळ्या वारंवारतेला घे. धातूचा लॉस साधारण वारंवारतेच्या वर्गमुळाबरोबर वाढतो, सबस्ट्रेटचा वारंवारतेच्या प्रमाणात. लांब आणि आखूड नमुना, फरक, टोकांची सारखी काळजी: काओ आणि जोन्स यांनी केलं तेच.

ते आकडे आले की मला पाठव, कच्च्या वहीच्या पानासकट. कोणत्या दिवशी कोणती केबल होती, खोलीचं तापमान किती होतं, सगळं त्यात असू दे. गाइडशी बोलायच्या आधी आपण दोघं एकदा बसून ती वाटणी तपासू.

सस्नेह.